कुलूपबंद मायक्रोकंट्रोलरला डीबगर जोडला जात नसेल तेव्हा

बेळगावच्या उद्यमबागेतील फौंड्री आणि हायड्रॉलिक्सच्या कारखान्यांतून माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कंट्रोल बोर्डांपैकी अनेकांवर एसटीएम३२ मालिकेतील मायक्रोकंट्रोलर (बोर्ड चालवणारी, आत प्रोग्राम भरलेली चिप) असतो आणि बोर्ड बनवणाऱ्याने त्याला वाचन-संरक्षणाचे कुलूप, म्हणजे आतला प्रोग्राम बाहेरून वाचू न देणारी सोय, लावलेले असते. डीबगर (संगणक आणि चिप यांना जोडणारे उपकरण) जोडल्यावर चिप सापडत नसल्याचा संदेश आला, की काही जण चिप जळाली असे समजतात आणि काही जण थेट अनलॉक करून, म्हणजे कुलूप काढून, मोकळे होतात. त्याआधी एका प्रश्नाचे उत्तर मिळवणे आवश्यक आहे: जोडणीच होत नाही, की जोडणी होऊनही चिप आतले वाचू देत नाही?

हे ओळखण्यासाठी डीबग पोर्टचा, म्हणजे डीबगर जिथे जोडला जातो त्या चिपच्या दाराचा, ओळख क्रमांक पाहावा. एसटीएम३२एफ१०३ (एफ१ मालिका) मध्ये एसडब्ल्यूडी या दोन तारांच्या डीबग जोडणीवर तो हेक्स (षोडशमान पद्धतीत) १बीए०१४७७ असा येतो, तर एसटीएम३२ च्याच एफ४ मालिकेत हेक्स २बीए०१४७७ असा. हा क्रमांक व्यवस्थित येत असेल, तर तारा आणि वीजपुरवठा यांच्यावर संशय घेण्याचे कारण उरत नाही; त्यानंतर फ्लॅश (प्रोग्राम साठवणारी मेमरी) वाचताना त्रुटी येत असेल, तर कुलूप आपले काम चोख करत आहे असे समजावे.

क्रमांकच येत नसेल, तर मल्टिमीटर हाती घ्यावा. चिपच्या पायापाशी ३.३ व्होल्ट मिळतात का, डीबगरचा आणि बोर्डाचा ग्राउंड एकच आहे का, पीए१३ या पिनेवर एसडब्ल्यूडीआयओ (डेटा) आणि पीए१४ वर एसडब्ल्यूसीएलके (क्लॉक) अशाच तारा लागल्या आहेत का, हे तपासावे. आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः खानापूरच्या बाजूने आलेल्या बोर्डांवर, कनेक्टरच्या पिनांना हिरवट थर चढलेला मी वारंवार पाहिला आहे. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, की अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. शेजारी वेल्डिंग किंवा इंडक्शन भट्टी चालू असेल, तर तारा वीतभरच ठेवाव्यात आणि एसडब्ल्यूडीचा वेग ४ मेगाहर्ट्झवरून १०० किलोहर्ट्झच्या आसपास उतरवावा.

तारा ठीक असूनही क्रमांक येत नसेल, तर चिपमधला प्रोग्रामच आडवा येत असण्याची शक्यता मोठी असते. त्याने त्या दोन पिना दुसऱ्या कामाला लावलेल्या असतात, किंवा सुरू होताच चिपला गाढ झोपेत पाठवलेले असते. अशा वेळी एसटीएम३२क्यूबप्रोग्रामर या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये 'अंडर रिसेट' (चिप रिसेटमध्ये धरून जोडणे) ही जोडणीची पद्धत निवडावी आणि रिसेटची तार खरोखर जोडलेली आहे याची खात्री करावी. बाजारात मिळणाऱ्या एसटी-लिंक या डीबगरच्या अनेक स्वस्त नकलांमध्ये रिसेटची पिन या कामी येत नाही. मग रिसेटचे बटण हाताने दाबून धरावे, कनेक्ट करावे आणि लगेच बटण सोडावे. तेही साधले नाही तर बूट० ही पिन ३.३ व्होल्टला जोडून बोर्ड सुरू करावा, म्हणजे आतला प्रोग्राम न चालता चिप बनवणाऱ्या कंपनीने आत ठेवलेला बूटलोडर (सुरुवातीचा छोटा प्रोग्राम) चालतो.

आता कुलुपाविषयी. एफ४ मालिकेत संरक्षणाच्या तीन पातळ्या आहेत. ऑप्शन बाइटमध्ये (चिपच्या सेटिंग साठवणाऱ्या जागेत) हेक्स एए असेल तर शून्य पातळी, म्हणजे चिप उघडी. हेक्स सीसी असेल तर दुसरी पातळी. बाकी कोणतेही मूल्य म्हणजे पहिली पातळी. पहिल्या पातळीवरून शून्यावर येता येते, परंतु त्या क्षणी चिप संपूर्ण फ्लॅश पुसून टाकते. दुसऱ्या पातळीवर डीबग पोर्ट कायमचा बंद होतो आणि चिप बदलण्यावाचून इलाज राहत नाही. एफ१ मालिकेत ही दुसरी पातळी नाही, परंतु अनलॉक केल्यावर फ्लॅश तिथेही पुसली जाते. नॉर्डिक या दुसऱ्या कंपनीच्या एनआरएफ५२ चिपमध्ये 'रिकव्हर' आज्ञेचा परिणामही तोच होतो.

म्हणून मूळ हेक्स फाइल (चिपमध्ये भरायच्या प्रोग्रामची फाइल) हातात आल्याशिवाय अनलॉक करू नये, हे मी आग्रहाने सांगतो. चिकोडीकडील एका शेतकऱ्याच्या उसाच्या पंपाचा बोर्ड मी काही वर्षांपूर्वी असाच घाईने अनलॉक केला. बनवणाऱ्याकडे फाइल शिल्लक नव्हती, दोष निघाला तो केवळ एका सुट्या सोल्डरचा, आणि पाणी देण्याच्या ऐन दिवसांत त्या शेतकऱ्याला नवा बोर्ड विकत घ्यावा लागला. त्याची खंत मला आजही आहे.

फाइल आणि मालकाची परवानगी मिळाल्यावर ऑप्शन बाइटमध्ये शून्य पातळी निवडावी, पुसण्याचे काम पूर्ण होईपर्यंत वीज जाऊ देऊ नये, नवा प्रोग्राम भरून तो पडताळावा आणि मगच पहिली पातळी पुन्हा लावावी. कुलूप लावताना डीबगर जोडलेला असतो, त्यामुळे चिप फ्लॅश वाचू देत नाही आणि बोर्ड मेल्यासारखा दिसतो. नुसते रिसेट करून तो जागा होत नाही. डीबगर काढून बोर्डाची वीज पूर्ण बंद करावी, कपॅसिटर रिकामे होण्यापुरते थांबावे आणि वीज पुन्हा द्यावी, म्हणजे प्रोग्राम नेहमीप्रमाणे सुरू होतो.