टर्बो डिझेलचं ऑइल: डब्याची मागची बाजू वाचायला शिका

आयटीआय करून वर्कशॉपला लागलात की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगतं, "नव्या गाडीला पातळ, जुन्या गाडीला जाड." मीही तेवढ्याच शिदोरीवर निघालो. डब्यावरचा ५डब्ल्यू-३० किंवा १५डब्ल्यू-४० हा आकडा, म्हणजे ग्रेड, मॅन्युअलशी जुळवायचा आणि ओतायचं. १ एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांना एवढं पुरत नाही. तिथेच मी अडकलो, म्हणून हे जरा लांबण लावून सांगतो.

ग्रेड फक्त ऑइल किती घट्ट ते सांगते. त्यात काय मिसळलंय, हे ती सांगत नाही. दुकानात ५डब्ल्यू-३० चे दोन डबे शेजारी ठेवलेले असतात. एकाच्या मागे बारीक अक्षरात एसीईए (युरोपातल्या गाडी उत्पादकांची संघटना) सी३ असतं, दुसऱ्याच्या मागे ए३/बी४. दोन्ही ऑइलं चांगली, दोन्ही डिझेलची. पण सी३ मध्ये सल्फेटेड ॲश, म्हणजे ऑइल जळल्यावर उरणारी राख, ०.८ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, ए३/बी४ मध्ये ती दीड टक्क्यापर्यंतही असते. इंजिन थोडं ऑइल जाळतंच, आणि त्याची राख सायलेन्सरच्या वाटेवरच्या डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, जाऊन बसते. डीपीएफमधली काजळी रीजनरेशनमध्ये, म्हणजे गाडी स्वतः फिल्टर तापवून साफ करते तेव्हा, जळून जाते. राख जळत नाही. ती साठत राहते, रीजनरेशन वारंवार व्हायला लागतं, पिकअप पडतो. तोपर्यंत ऑइल घालून इतके महिने झालेले असतात की त्याच्यावर कुणाचा संशयही जात नाही. सेन्सर बदलले जातात, इंजेक्टर उघडले जातात, बिल वाढत जातं.

घाबरू नका. एकदा चुकीचं ऑइल पडलं म्हणून डीपीएफ लगेच मरत नाही. कळल्याबरोबर काढा, योग्य ते भरा. डीपीएफ नसलेल्या जुन्या गाडीला तर हा प्रश्नच नाही.

याच सापळ्याची दुसरी बाजू टर्बोची. त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि बहुतेक टर्बोंत तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. तिथली उष्णता ग्रेडच्या १०० अंशांवर मोजलेल्या आकड्यात दिसत नाही, त्यासाठी एचटीएचएस असते, म्हणजे १५० अंशांवर ऑइलचा थर वेगाने घासला जात असताना मोजलेला घट्टपणा. सी२ ला ती किमान २.९ लागते, सी३ ला किमान ३.५. म्हणजे सी२ चं ५डब्ल्यू-३० आणि सी३ चं ५डब्ल्यू-३० हीसुद्धा वेगळीच ऑइलं. मॅन्युअलमध्ये सी३ असेल तर सी३ च. "त्याच ग्रेडचं आहे, चालतंय" हे वाक्य मला आजही सहन होत नाही.

उस्तादांबद्दल एक बोलतो. बोटांत ऑइल चोळून सांगणारे उस्ताद मी पाहिलेत. आवाजावरून दोष ओळखायला त्यांच्याकडूनच शिका, ते कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. पण राखेचं प्रमाण बोटाला कळत नाही. डिझेलचं ऑइल थोड्याच दिवसांत काळं पडतं, तेव्हा रंग बघून "खराब झालं" म्हणणाऱ्याचंही ऐकू नका. आणि काउंटरवरची ती ॲडिटिव्हची बाटली तिथेच राहू द्या. योग्य ऑइलमध्ये लागेल ते सगळं आधीच मापात घातलेलं असतं.

डिपस्टिक काढाल तेव्हा पातळी वाढलीय का, हेही बघा. शहरात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीचं रीजनरेशन अर्धवट तुटतं, त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल खालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं, मग ग्रेड कितीही अचूक असो. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर किलोमीटर भरायची वाट न बघता ऑइल बदला, आणि मालकाला अधूनमधून हायवेवर सलग वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालवायला सांगा.