घरात बिडी-सिगारेट ओढणारं कुणी असेल तर या चुका टाळा

"मी गॅलरीत ओढतो, बाळ तर आत असतं." आमच्या घरात नवऱ्याचं हे वाक्य रोजचं होतं. लेकीला दर पंधरा दिवसांनी खोकला यायचा, रात्री छाती शिट्टीसारखी वाजायची. आम्ही आईस्क्रीम बंद केलं, दही बंद केलं, औषधं बदलली. गॅलरीतल्या दिवसाच्या चार सिगारेटींकडे मात्र कुणाचंच लक्ष गेलं नाही, माझंही नाही.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच: धूर दिसेनासा झाला म्हणजे गेला, असं मानणं. आजूबाजूच्यांच्या नाकात जाणारा बहुतेक धूर ओढणाऱ्याच्या तोंडातून येतच नाही. दोन झुरक्यांच्या मधे सिगारेटचं टोक नुसतं जळत असतं, तिथून तो येतो. गॅलरीचं दार उघडं असेल तर वाऱ्याच्या एका झोताने आत शिरतो आणि पंखा तो घरभर फिरवतो. संडासात ओढून एक्झॉस्ट लावला तरी तेच. एअर प्युरिफायर विषारी वायू पुरते काढू शकत नाही. वास मारायला उदबत्ती लावणं तर धुरात आणखी धूर घालणं. या धुरात 7000 हून जास्त रसायनं असतात आणि त्यातली 70 च्या आसपास कॅन्सर करणारी. मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो, म्हणून त्याच खोलीत त्यांच्या वाट्याला जास्त विष येतं. दमा बळावतो, न्यूमोनिया होतो, कान ठणकतात. तान्ह्या बाळाचा झोपेत अचानक मृत्यू होण्याचा धोकाही वाढतो.

ओढून आल्या आल्या बाळाला उचलू नका. शर्टाला, बोटांना, मिशीला धुरातलं ते सगळं विष चिकटलेलं असतं. आमच्या सासऱ्यांच्या खुर्चीमागचा फोटो रंगकामासाठी उतरवला, तेव्हा पिवळट भिंतीवर पांढराशुभ्र चौकोन निघाला. हेच थर गादीवर आणि फरशीवरही बसतात, आणि रांगतं मूल फरशीवरचा हात तोंडात घालतं. हात-तोंड धुवा, शर्ट बदला, मग बाळ घ्या.

गाडीची काच खाली करून ओढणंही नको, मूल गाडीत नसतानासुद्धा.

आता मिश्रीबद्दल. "आम्ही कुठे ओढतो?" असं म्हणणाऱ्या बायका तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजतात. ठसका लागतो म्हणून स्वतःच्या नाकाला पदर लावतात आणि बाळ तिथेच झोळीत असतं. तोही तंबाखूचाच धूर आहे.

पाहुण्यांपुढे ॲशट्रे ठेवू नका. सार्वजनिक ठिकाणी 2008 पासून देशभर बंदी आहे, पण आपल्या घराचा नियम आपल्यालाच करावा लागतो. सासऱ्यांना मी एवढंच म्हटलं, "बाबा, पिल्लूसाठी फाटकाबाहेर ओढाल का?" त्यांनी काडेपेटी आणि बिडीबंडल दोन्ही घराबाहेर ठेवलं. नवऱ्याला तीन मजले उतरावे लागायला लागले, तशा चारच्या दोन झाल्या. पुढे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या 1800-11-2356 या मोफत नंबरावर फोन करून त्याने पूर्ण सोडायचं ठरवलं.

आणि एक चूक मी करणार होते: धूर थांबला म्हणून लेकीचा श्वासाचा पंप (इनहेलर) बंद करण्याची. तो डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नका. तिचा अजून चालू आहे.