ॲग्रीमेंट संपलेलं घर सोडताना नोटीस कशी द्यावी

अकरा महिने संपतात, मालक म्हणतो "राहा की, पेपर नंतर करू", आणि दर महिन्याला भाडं जात राहतं. कोपरखैरणे असो नाहीतर कळवा, असं राहणारी पुष्कळ घरं मी पाहिली आहेत. मी स्वतः अशी चार घरं सोडली. घर सोडायची वेळ आली की एजंट सांगतो, "फोन करून टाका, पुरे." पुरत नाही.

आधी जुनं ॲग्रीमेंट काढून नोटिशीचं कलम वाचा. अशा लीव्ह अँड लायसन्स करारात बहुधा एक महिना लिहिलेला असतो. लॉक-इन, म्हणजे ज्याआधी घर सोडता येत नाही ती मुदत, संपलं आहे ना, तेही बघा.

आता "कायद्यात पंधराच दिवस आहेत" या सल्ल्याबद्दल. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 106 मध्ये महिन्यावारी भाडेपट्ट्याला 15 दिवसांची नोटीस आहे, हे खरं. पण करारात वेगळं काही ठरलं नसेल तरच. शिवाय ते भाडेपट्ट्याबद्दल आहे, आणि लीव्ह अँड लायसन्स हा नुसता राहण्याचा परवाना. उलट महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 प्रमाणे परवान्याची मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर मालक दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. म्हणून मुदतीनंतर राहताय तर "तुमच्या संमतीने, त्याच भाड्यात राहतोय" असा मेसेज आजच पाठवा आणि मालकाचं "हो" मिळवून ठेवा. नोटीस मात्र पूर्ण महिन्याची द्या. पंधरा दिवसांसाठी वाद घालून अडकलेलं डिपॉझिट लवकर सुटत नाही.

सुरुवातीपासूनच सगळं तोंडी असेल तर घाबरू नका. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 ने मालकावर टाकली आहे. तो नोंदवला नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते तारखेत. मीही अडकलो होतो. कोपरखैरण्याचं घर सोडताना मी मालकांना महिन्याच्या 2 तारखेला फोन केला. ते "बरं बरं" म्हणाले. चावी द्यायला गेलो तेव्हा म्हणाले, "नोटीस कुठे दिलीत?" एका महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून कापलं गेलं आणि माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

तेव्हापासून माझा नियम ठरला आहे: नोटीस लिहिल्याच्या दिवसापासून मोजायची नाही, मालकाला मिळाल्याच्या दिवसापासून मोजायची. कलम 106 मध्येही 2002 च्या दुरुस्तीनंतर हेच लिहिलेलं आहे, आणि नोटीस भाड्याचा महिना भरतानाच संपली पाहिजे ही जुनी अट त्याच दुरुस्तीत गेली. पण ॲग्रीमेंटमध्ये "कॅलेंडर महिना" असे शब्द असतील तर ते पाळा. समजा 31 ऑगस्टला घर सोडायचंय. मग नोटीस 31 जुलैपर्यंत मालकाच्या हातात हवी. मी 22-23 जुलैलाच टाकतो, कारण मालक पुण्याला किंवा गावी असला की पत्र परत येतं आणि आठवडा जातो.

मजकूर चार ओळींचा पुरे: घराचा पत्ता, नोटिशीची तारीख, "अमुक तारखेला ताबा देत आहे", डिपॉझिटची रक्कम आणि आपलं बँक खातं. खाली सही. घर का सोडताय ते लिहू नका, त्यावरून नुसती चर्चा वाढते.

शक्य असेल तर हातोहात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर "मिळाली", तारीख, सही घ्या. मालक घरी नसेल तर त्याच्या घरच्या माणसाची सही चालते. नाहीतर ॲग्रीमेंटमधल्या पत्त्यावर स्पीड पोस्ट करा. अजूनही लोक "रजिस्टर एडी" (पोचपावतीचं रजिस्टर पोस्ट) करा सांगतात, पण रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालंय. पावती आणि ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर नोटिशीचा फोटो टाका आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करा. निळ्या टिकांवर विसंबू नका, "मिळाली" असे शब्द लिहून घ्या. नोटीस एजंटच्या हातात तर कधीच देऊ नका, तो मालक नाही.

नोटिशीच्या महिन्याचं भाडं वेळेवर भरा. "डिपॉझिटमधून वळतं करा" हा सल्ला मला सर्वांत वाईट वाटतो. भाडं थकवलंत की तक्रारीची बाजू मालकाकडे जाते, आणि रंगकामाचे पैसेही मग तोच ठरवतो.

सोसायटीला पत्र द्या, महावितरणचं आणि गॅसचं शेवटचं बिल भरा, मीटरचा फोटो काढा. भिंती, नळ, बाथरूम यांचा व्हिडिओ मालकासमोरच घ्या. डिपॉझिट त्याच बैठकीत मागा, आणि चावी दिली की तारीख घालून पोच लिहून घ्या.