डिस्चार्ज सकाळी, बेड रिकामा संध्याकाळी: आमच्या वॉर्डात काय लागू पडलं

डॉक्टर १० ला राऊंडमध्ये "घरी सोडा" म्हणायचे आणि पेशंट हलायचा ५ ला, तोवर खाली कॅज्युअल्टीत नवीन पेशंट स्ट्रेचरवरच पडून. नातेवाइकांची बोलणी आम्हीच खायची, वैताग नुसता. बिलिंगला माणूस वाढवला, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, फरक शून्य. शेवटी एका फाइलच्या मागे मीच दिवसभर फिरले तेव्हा कळलं, उरलेली औषधं फार्मसीला परत गेल्याशिवाय बिल बंदच होत नाही आणि ती पिशवी दुपारपर्यंत ट्रॉलीखाली!

आता आदल्या दिवशी ४ ला उद्या जाऊ शकणाऱ्यांची यादी काढतो, मग नाइटची सिस्टर सकाळच्या डोसपुरती औषधं ठेवून बाकी परत करते, आरएमओ (निवासी डॉक्टर) रात्रीच डिस्चार्ज समरी टाइप करून ठेवतात, सकाळी ९ ला राऊंड याच पेशंटपासून सुरू, आणि सही झाली की लगेच फायनल बिल टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी एजन्सी). विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे डिस्चार्जच्या वेळच्या कॅशलेस मंजुरीला ३ तासांची मुदत आहे, म्हणजे कागद साडेनऊला गेले तर जेवणाच्या सुमारास बेड मोकळा. राऊंडचा क्रम बदलायला मोठ्या सरांना पटवायला मात्र महिना गेला.