उन्हाळ्याच्या शेवटी धरणात जाळे किती खोल सोडावे?

उन्हाळा सरत आला की धरणात मासाच उरला नाही, अशी ओरड सुरू होते. पुष्कळदा मासा असतो, पण त्याने जागा बदललेली असते आणि जाळी जुन्याच खोलीवर पडत राहतात. ‘ऊन वाढले की मासा तळाला जातो’ हा समज निम्माच खरा आहे.

वरचे पाणी तापून हलके होते आणि खालच्या थंड, जड पाण्यात मिसळत नाही. तळाशी उजेड पोचत नसल्याने तिथे नवा प्राणवायू तयार होत नाही. असलेला प्राणवायू गाळ आणि पालापाचोळा कुजण्यात संपतो. तळातून वर काढलेल्या जाळ्याला सडक्या अंड्यासारखा वास आला, तर त्या खोलीवर पुन्हा जाळे टाकण्यात अर्थ नाही. वरच्या थराचीही अडचण असतेच. २० अंश सेल्सिअसला पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. त्यामुळे भर दुपारी मासा दोन थरांच्या सीमेच्या जरा वर थांबतो.

ती सीमा शोधायला महागडे यंत्र लागत नाही. जाड काचेच्या बाटलीत थर्मामीटर ठेवा, बाटलीला वजन बांधा आणि मीटरमीटरवर गाठी मारलेल्या दोरीने खाली सोडा. प्रत्येक गाठीला काही मिनिटे थांबून बाटली झटकन वर ओढा आणि आकडा टिपा. जिथे एका मीटरमागे तापमान एक अंश किंवा जास्त उतरते, तिथे सीमा सुरू झाली. जाळ्याची खालची, शिशाची दोरी तिच्या किंचित वर राहील अशी बांधा. मात्र उथळ आणि सतत वाऱ्यावर असलेल्या जलाशयात असे थर टिकत नाहीत. तिथे हा खटाटोप नको, सरळ वाऱ्याकडे बघा. वारा ज्या काठाकडे वाहतो तिकडे प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, गोळा होतात आणि त्यांच्यामागे मासा येतो.

पाणी उतरल्यावर मासा नदीच्या जुन्या पात्रात दाटतो. जाळे तिथेच लावावे, पण उघडी पडलेली खोडे आणि खडक आधी पाहून ठेवावेत. गळ टाकणाऱ्यांनी पहाट आणि संध्याकाळ धरावी.

सगळ्यात जास्त सावध राहायचे ते वळवाच्या पावसात. जोराचा वारा आणि गार पाऊस यांनी थर एकदम उलथतात, तळाचे प्राणवायू नसलेले पाणी वर येते आणि एका रात्रीत मासे मरू शकतात. पिंजऱ्यात मासे पाळणाऱ्यांनी आभाळ भरून आले की खाद्य बंद ठेवावे आणि पहाटे फेरी मारावी, कारण प्राणवायू सर्वांत कमी सूर्योदयाच्या आधी असतो. मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेत असतील तर वायुमिश्रक (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) लगेच सुरू करा. विजा कडाडत असताना होडी पाण्यात घालू नये, हे वेगळे सांगायला नको.

गरम पाण्यात जाळ्यात मेलेला मासा फार लवकर खराब होतो. रात्रभर जाळे ठेवायची सवय या दिवसांत सोडा. थोड्या थोड्या वेळाने तपासा आणि मासा काढल्याबरोबर त्याच्या वजनाइतक्या बर्फात ठेवा. कटला, रोहू, मृगळ यांच्या माद्या या सुमारास अंड्यांनी भरलेल्या असतात आणि पहिल्या पुराबरोबर धरणाच्या फुगवट्याच्या टोकाकडे, नदी धरणात शिरते तिथे चढतात. ती वाट जाळ्यांनी अडवू नका.