मांडूला जुनी गाडी काढताय? या चुका टाळा

पाऊस लागला की जुन्या गाड्यांच्या क्लबच्या ग्रुपवर एकच प्रश्न सुरू होतो: मांडू कधी? इंदूर, धार, नालछा, मांडू. शंभर किलोमीटरच्या आतबाहेरचा रस्ता. अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी, हेराल्ड, विलीज जीप असा लवाजमा निघतो, आणि दर वेळी एकदोन गाड्या बॉनेट वर करून रस्त्याच्या कडेला दिसतात. मग जो तो म्हणतो, "जुनी गाडी आहे, चालायचंच." मला हे पटत नाही. बहुतेक वेळा गाडी वयामुळे अडत नाही. आधीचे तीन महिने पोर्चमध्ये कव्हर घालून उभी असते, तिथेच बिघाडाला सुरुवात झालेली असते.

शिळं पेट्रोल

आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. ते हवेतली ओल ओढून घेतं. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी पावसाळ्यात उभी राहिली की टाकीच्या आत गंज धरतो, आणि तो सरळ फिल्टरमध्ये येऊन बसतो. लक्षण ठरलेलं आहे: सपाटीवर गाडी मजेत चालते, चढ लागला की खोकते. जुन्या रबरालाही हे पेट्रोल मानवत नाही. पेट्रोलचा पाइप दोन बोटांत धरून चोळून बघा. बोटं काळी झाली किंवा पाइप चिकट लागला, तर तो गेला समजा. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या, गाडीतल्या पंपाचा डायफ्राम (रबरी पडदा) त्याच वयाचा असणार. दोन्ही बदला, इथेनॉल सोसणारेच घ्या, आणि निघायच्या आदल्या रात्री नको, पंधरा दिवस आधी बदला. म्हणजे काही गळत असेल तर ते अंगणात कळेल. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा.

"पेट्रोल लॉक झालं"

म्हणजे उष्णतेने पाइपात पेट्रोलची वाफ झाली आणि इंजिनचा पुरवठा तुटला. सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो या निदानापायी. गाडी गरम होऊन बंद पडली की चारजण धावत येतात, गाडीतल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकतात आणि गप्पा सुरू होतात. गाडी थंड होते, सुरू होते, सगळे खूश. दहा किलोमीटरवर पुन्हा तेच. कारण दोष पेट्रोलचा नसतोच. ठिणगीसाठी करंट तयार करणारे कॉइल आणि कंडेन्सरही गरम झाल्यावरच दगा देतात आणि थंड झाल्यावर शहाण्यासारखे वागतात, त्यामुळे फडक्याला फुकटचं श्रेय मिळतं.

आधी करंट बघा. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना करंट वाटणाऱ्या डब्याच्या) मधली जाड वायर काढा, रबरी मुठीच्या पकडीने तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून पाचसहा मिलिमीटरवर धरा, कार्बोरेटरपासून लांब, आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. ठिणगी निळी, जाड, टक्‌टक्‌ आवाज करणारी असेल तर पेट्रोलकडे वळा. पिवळी, मरतुकडी असेल किंवा नसेलच, तर फडकं बाजूला ठेवा आणि डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे छोटे तुकडे) उघडा. ते काळे, जळके दिसले तर कंडेन्सरवर संशय घ्यायचा. दोन पॉइंटांमधला गॅपही तपासा. ल्युकास कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरला साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर लागतो. पॉइंटचा पाय झिजला की तो कमी होत जातो.

मांडूच्या धुक्यात तिसरं कारण निघतं: डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत आत धरलेला दमटपणा. कोरड्या सुती कापडाने आतून पुसलं की काम होतं. पण आत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर टोपी तडकलेली आहे. तिथे पुसून काही होणार नाही, बदलावीच लागेल.

स्पेअर म्हणून नवाकोरा कंडेन्सर डिकीत टाकणं हीसुद्धा चूकच. हल्लीच्या मालाचा भरवसा नाही. नवा बसवून गाडी आठवडाभर चालवा आणि आधीचा, चांगला चालणारा, सोबत ठेवा.

घाट

चढताना सगळ्यांचं लक्ष टेंपरेचरच्या काट्यावर. ते ठीकच, पण काटा वर गेला म्हणून उकळत्या रेडिएटरचं झाकण उघडू नका आणि तापल्या इंजिनात बाटलीभर गार पाणी ओतू नका. हेड तडकेल. गाडी थांबवा, अर्धा तास धीर धरा.

माझ्या मते खरा धोका उतरताना असतो. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे महाभाग अजून आहेत. चारही चाकांना ड्रम ब्रेक, सगळ्यांना मिळून ऑइलचं एकच सर्किट, आणि ब्रेक ऑइल कधी बदललं ते आठवत नाही. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल ओल पितं. नवं असताना ते २०५ अंशांच्या पुढे उकळतं, ओल धरल्यावर १४० च्या आसपासच. उकळलं की पॅडल तळाला जातं. दर दोन वर्षांनी ऑइल बदला आणि ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. वाटेतल्या काकडा खो दरीपाशी फोटोला थांबाल तेव्हा हँडब्रेकच्या भरवशावर राहू नका, चाकामागे लाकडी ठोकळा ठेवा.

जंप देण्याआधी

बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असतो. मदतीला आलेला दोस्त सवयीने काळी वायर बॉडीला लावतो आणि ठिणग्या उडतात. बॅटरीवरच्या खुणा बघितल्याशिवाय वायर लावू देऊ नका. अल्टरनेटरऐवजी जुना डायनॅमो असलेल्यांनी परतीला अंधार पडू देऊ नये. दिवे, वायपर आणि कमी वेग एकत्र आले की चार्जिंग पुरत नाही.

कागद

२०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या खाजगी गाडीला 'व्हीए' अक्षरांची विंटेज नंबरप्लेट मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. मात्र ती घेऊन रोज ऑफिसला जाता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांसाठीच ती रस्त्यावर आणायची. गाडीने रोज भाजी आणायची असेल तर या वाटेला जाऊ नका.

जमायचं कुठे

इंदूरच्या राजवाड्यासमोर नको. फोटो झकास येतात, पण गर्दीतून बाहेर पडेपर्यंत निम्म्या गाड्यांचे क्लच वास मारायला लागतात. छप्पन दुकानावर पोहे-जिलेबी म्हटली की निघायला नऊ वाजलेच. ज्याने त्याने घरून खाऊन निघावं आणि धारच्या वाटेवरच्या बेटम्याच्या आसपास भेटावं. ताफ्यात सगळ्यात हळू गाडी पुढे, अवजारं आणि जाणता माणूस शेवटच्या गाडीत. उलटं केलं की हेराल्डवाला एकटाच मागे राहतो आणि ते कुणाला कळतही नाही.

थांबाल तिथे गर्दी होणार. ज्या इंदूरच्या महाराजा यशवंतराव होळकरांनी १९३५च्या ड्यूसेनबर्ग या अमेरिकन गाडीवर गर्नी नटिंग या इंग्लिश कंपनीकडून बॉडी बांधून घेतली, तिथे गाडीचं कौतुक नसलं तरच नवल! "भिया, कित्ते में दोगे?" याला हसून उत्तर द्या, पण पट्ट्याचं बक्कल लावलेल्या माणसाला फेंडरला टेकू देऊ नका.

घरी आल्यावर ओली गाडी हँडब्रेक ओढून सोडू नका. आठवड्याने ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटलेले असतात आणि चाक हलत नाही. गावात शिरताना दोनचारदा हलका ब्रेक मारून ड्रम सुकवा, आणि पोर्चमध्ये गाडी गिअरमध्ये उभी करा.