अमूर्त अभिव्यक्तिवादी चित्राची जुनी प्रत घेताना

जॅक्सन पोलॉक किंवा मार्क रॉथको या अमूर्त अभिव्यक्तिवादी, म्हणजे ओळखीच्या आकृतींऐवजी रंग आणि फटकाऱ्यांतून भाव मांडणाऱ्या, चित्रकारांच्या चित्राची कोणाच्या तरी घरी टांगलेली जुनी छापील प्रत विकत घेण्यापूर्वी दहापट मोठे दाखवणारे भिंग रंगावर धरून पाहावे. निळे, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके चिमुकल्या फुलांसारखे मांडलेले दिसले, तर ती ऑफसेट छपाई, म्हणजे पोस्टर आहे. पोस्टर घेण्यात कमीपणा नाही, मात्र किंमत पोस्टरचीच द्यावी. पेन्सिलच्या सहीला भुलू नये. पोलॉक १९५६ मध्ये आणि रॉथको १९७० मध्ये वारले, त्यामुळे त्यानंतर छापलेल्या कागदावर त्यांची सही असणे शक्यच नाही. याच शैलीतल्या रॉबर्ट मदरवेल यांनी मात्र स्वतः पुष्कळ लिथोग्राफ (दगडावर किंवा धातूच्या पत्र्यावर चित्र काढून घेतलेले छाप) केले, म्हणून त्यांच्या प्रतीवरील सही आणि आवृत्तीचा क्रमांक (एकूण प्रतींपैकी ही कितवी) बारकाईने तपासावा.

प्रत फ्रेममधून काढून दाखवण्याचा आग्रह अवश्य धरावा. माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकलेली कड आणि उघडा भाग शेजारी शेजारी पाहिल्यास रंग किती उडाला ते लगेच कळते. उन्हात पिवळा आणि गुलाबी रंग सहसा आधी फिकटतो आणि चित्र निळसर पडते. रॉथकोंच्या चित्रात रंगालाच सारे महत्त्व असल्याने अशी प्रत, माझ्या मते, स्वस्तातही घेऊ नये. माउंटच्या कडेने उमटलेली तपकिरी रेघ आम्लयुक्त पुठ्ठ्याची खूण असते. कागद पुठ्ठ्यावर पूर्ण चिकटवलेला असल्यास तो सोडवणे फार कठीण जाते. घरी आणल्यावर आम्लरहित माउंट आणि अतिनील किरणे अडवणारी काच बसवावी व प्रत थेट ऊन न येणाऱ्या भिंतीवर लावावी.